खाली थांबलेली गाडी

टॉम गेल्याचं त्याच्या आईने आमच्या आन्सरिंग मशीनवर सांगितलं. हळू, स्पष्ट आवाजात, आपला नंबर पुन्हा एकदा सांगून... महिना झाला, तो मेसेज माझ्याने पुसवत नाही.

टॉम माझ्या ऑफिसातला. इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये रविवारी चार-पाच नागपूरकर कुटुंबं बुद्धवंदनेला जमतात, त्यांत इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तोही येऊन बसायचा. एक गोरा माणूस आपल्यात मांडी घालून बसतो याचं मला कोण कौतुक! नव्या पाहुण्यांना मी आधी त्यालाच दाखवायचो. माझी बायको सुनंदा म्हणायची, "अरे यार, तो काय शोकेसमध्ये ठेवायचाय का?"

एकदा मी त्याला विचारलं, तुमचं चर्च एवढं जवळ असताना इकडे कशाला? मला वाटलं, ध्यान, शांती असं काहीतरी ऐकायला मिळेल. तो म्हणाला, "तिथल्या प्रत्येक प्रार्थनेत मला वडिलांचा ओरडा ऐकू येतो. तुमच्या पालीतलं मला अक्षर कळत नाही... म्हणून इथे मला कोणी रागावत नाही." आपल्या धर्माचं मोठेपण ऐकायला आतुरलेला मी चांगलाच हिरमुसलो. माझ्या आजोबांनी नागपुरात दीक्षा घेतली, तेव्हा त्यांनाही देवळाच्या दारातला अपमानच मागे टाकायचा होता, हे मला त्या वेळी सुचलं नाही.

त्याचं फ्युनरल शेवटी चर्चमध्येच झालं. नंतर कॉफी घेताना त्याच्या आईशी मी पहिल्यांदाच बोललो. टॉमला फिट्स यायच्या, त्यामुळे लायसन्स नव्हतं, हे तेव्हा कळलं. शर्टाला इस्त्री तीच करायची. तिचं चर्च सुटलं की त्याला आमच्याकडे सोडायची आणि वंदना संपेपर्यंत खाली गाडीत बसायची. "उन्हाळ्यात तुमची खिडकी उघडी असली की ऐकू यायचं," ती म्हणाली. "छान म्हणता तुम्ही."

"मग वर का नाही आलात?"

"कोणी बोलावलं नाही." त्यात तक्रार नव्हती.

मला मान वर करवेना. दाराबाहेर उभं राहणं काय असतं, हे ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. आणि आमच्याच दाराबाहेर, खाली गाडीत, एक म्हातारी बाई बर्फातसुद्धा बसून राहिली, आम्ही वर त्रिशरण म्हणत होतो. टॉम येतो कसा, एवढंही मी कधी विचारलं नव्हतं... फार लाज वाटते.

निघताना मी म्हटलं, या रविवारी या ना. तिने माझा हात थोपटला.

"आता कोणाला सोडायला येऊ?"

हल्ली वंदनेच्या वेळी मी थंडीतही खिडकी उघडी ठेवतो. पोरं कुडकुडतात, पण कोणी ती लावत नाही. खाली गाडीची ती जागा रिकामी असते.