पाच मोजून दिलेली उत्तरं

जळगावच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी निरोप गुप्त ठेवणारं एक मोफत सॉफ्टवेअर घेतलं होतं. उद्या क्वांटम कॉम्प्युटर आले तरी निरोप फोडता येऊ नये, असं त्याचं कुलूप. त्यात मला एक चूक सापडली. मुद्दाम बिघडवलेला निरोप ते नाकारायचं. पण निरोप खऱ्याच्या जितका जवळ, तितका नकार किंचित उशिरा. तो उशीर मोजत गेलं तर हळूहळू किल्लीच हाती लागत होती. ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना मी भीत भीत कळवलं. उत्तर आलं: बरोबर आहे, पण दुरुस्ती बाहेर पडेपर्यंत कोणालाही सांगू नका. मी शब्द दिला.

त्याच रविवारी आमच्या शेतात भरीत पार्टी होती. माझ्या शेजारी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत असलेला चुलतभाऊ. त्याला कळलं असतं तर जेवण उरकायच्या आत ते त्याच्या सगळ्या ग्रुपवर गेलं असतं. समोर धुळ्याहून आलेली आत्या, आमची अक्का, कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी लाकडी बडगीत ठेचत होती.

“गप का रे? नापास व्हयना का?”

“नाही अक्का.”

“एखादी पोर शे का?”

“नाही.”

“मंग कॉम्प्युटरनं काही लफडं शे का?”

मी अडखळलो. “...नाही.”

ठेचणं थांबलं. “शे! काहीतरी शे! पहिले दोनदा तू लगेच ‘नाही’ बोलना, आते थांबीसन बोलना.”

चुलतभावाने मान वर केली. सॉफ्टवेअरची जी चूक मी कळवली होती, तीच मी भाकरी हातात धरून करत होतो. उपायही मीच सुचवलेला होता: प्रत्येक उत्तराला सारखाच वेळ.

“काही हॅक केलं काय रे?” चुलतभाऊ.

मी मनात पाच मोजले. “नाही.”

“मीठ दिऊ का?” अक्का.

पाच मोजले. “हो.”

“पाणी?”

मिरचीने ठसका लागला होता, तरी पाच मोजले. “हो.”

अक्का आईकडे वळली. “शिकीसन पोऱ्या मठ्ठ व्हयी गया वं.”

चुलतभाऊ खो खो हसला आणि पुन्हा भरताकडे वळला. आई तेवढी हसली नाही.

दुरुस्ती बाहेर पडली, आभारात माझं नाव आलं. आईला सांगितलं, मग अक्काला फोन करून सगळा उलगडा केला.

“म्हणजे तू मठ्ठ नाही ना?”

सवयीने मी मोजायला लागलो.

“ऱ्हाऊ दे भाऊ,” अक्का मायेने म्हणाली.