पंप किती एचपीचा?

माझी बाळंतपणाची रजा संपत आली तेव्हा आमच्या पोरीला जगातल्या दोनच गोष्टी मान्य होत्या, एक मी आणि दुसरा छताचा पंखा. पंखा घरीच राहणार होता. प्रश्न माझा होता.

मी रायपूरजवळच्या उरला गावातल्या एका स्टीलच्या कारखान्यात केमिस्ट आहे. भट्टीतून लोखंडाचा नमुना लॅबमध्ये येतो, त्यात कार्बन किती, मँगनीज किती हे मी सांगते आणि मग माल पुढे सरकतो. सकाळी समता कॉलनीच्या चौकातून कंपनीची गाडी आम्हाला उचलते आणि संध्याकाळी धुळीने माखून परत सोडते. नवरा नव्या रायपूरच्या एका सरकारी कचेरीत, म्हणजे तो माझ्याही आधी घराबाहेर. पोर सांभाळणार होत्या सासूबाई. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांच्या माहेरच्यांच्या चार पिढ्या रायपुरात गेल्या, त्यामुळे त्यांची मराठी आमच्या पुण्याच्या मामांना निम्मीच कळते.

कामावर जायच्या आधी आम्ही पोरीला बाटलीची सवय लावायला घेतली. नवऱ्याने मोठ्या उमेदीने बाटली पुढे केली. पोरीने ती जिभेने बाहेर ढकलली आणि त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा बाटली घेऊन उठूनच गेला. वाटी-चमच्याने थोडं पोटात गेलं, बाकीचं गळ्यावरून झबल्यात. मी दूध काढायचा छोटा इलेक्ट्रिक पंप मागवला होता. तो पहिल्यांदा सुरू केला तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या, दारात उभं राहून थोडा वेळ त्याची घुरघुर ऐकली आणि म्हणाल्या, "हे तर डेरीत म्हशीले लावतात तसं हाय. तुले काहून पाह्यजे हे?"

मी म्हटलं, मी कारखान्यात असताना पोरगी काय पिणार? त्या म्हणाल्या, वरचं दूध पिऊन पोरं मोठी होतात, तुझा नवरा नाही का झाला. नवऱ्याच्या काटकुळ्या तब्येतीकडे पाहून मला हा मुद्दा माझ्याच बाजूचा वाटला.

कामाचा पहिला दिवस मी पंपाशिवाय काढायचं ठरवलं. जेवणाच्या सुट्टीच्या बऱ्याच आधी माझी छाती दगडासारखी झाली आणि कुडत्यावर दोन ओले गोल उमटले. लॅबचा पांढरा कोट होता म्हणून अब्रू वाचली. आमच्याकडे बायकांसाठी एकच बाथरूम, त्याची कडी तुटलेली, दार सुतळीने बांधायचं. तिथे एका हाताने सुतळी धरून दुसऱ्या हाताने जमेल तेवढं दूध काढलं आणि मोरीत सोडून दिलं. संध्याकाळी अंगात कणकण होती. गाडीत खिडकीशी बसून मी ठरवलं, उद्या साहेबांशी बोलायचं.

आमचे प्लांटचे साहेब भले गृहस्थ. एकच अडचण, बाईमाणसाशी बोलताना ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून बोलतात. मीही त्या दिवशी कॅलेंडरकडेच पाहिलं आणि हिंदीत सांगितलं की सर, मला दिवसातून दोनदा पंप चालवावा लागेल, त्यासाठी आतून बंद होणारी एखादी खोली मिळाली तर बरं.

पंप म्हटल्यावर साहेबांचा चेहरा खुलला. तांत्रिक विषय निघाला होता. त्यांनी चक्क माझ्याकडे पाहिलं.

"कितने एचपी का?"

मी म्हटलं, छोटाच आहे सर, हातात मावतो. त्यांनी विचारलं, नमुने गार करायला का? मी म्हटलं, नाही सर, पर्सनल आहे. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले की मेंटेनन्सला सांगतो. मी समाधानाने लॅबमध्ये परतले. मला वाटलं, किती समजूतदार माणूस, अवघड शब्द तोंडातून न काढता काम करून दिलं.

दुपारी मेंटेनन्सचे प्रमुख लॅबच्या दारात हजर झाले. सोबत फिटर, त्याच्या हातात डबीत गुंडाळलेली मोजपट्टी.

"मैडम, फाउंडेशन कहाँ डालना है?"

कसलं फाउंडेशन, मी विचारलं. ते म्हणाले, आपल्या पंपाचं. साहेब म्हणाले मॅडमचा पर्सनल पंप आहे, बसवून द्या. पाणी कुठून उचलायचं ते त्यांना पाहायचं होतं. फिटरने तोवर खिडकीची रुंदी मोजायला घेतली होती. मग प्रमुखांनी विचारलं, "डिलिवरी कितने की है?"

पाइपची डिलिव्हरी, म्हणजे पाणी बाहेर पडतं ते तोंड, किती इंची, असं त्यांना विचारायचं होतं. पण तो शब्द ऐकला आणि माझा धीर संपला. मी म्हटलं, "भैया, डिलिवरी मेरी हुई है। छह महीने पहले। बच्ची घर पे है, उसके लिए दूध निकालना पड़ता है। ये उसका पंप है।"

फिटरच्या हातातली पट्टी सुटली आणि खटकन डबीत गेली. प्रमुख बुटांकडे पाहू लागले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "हव," म्हणजे हो, आणि पुढे म्हणाले, मग तर कडी मजबूत लागेल.

कॉन्फरन्स रूमला लागून एक अरुंद खोली होती. मोडक्या खुर्च्या, चहाचे जुने थर्मास आणि कुणाच्या तरी निरोपसमारंभाची शाल, एवढं तिथे पडलेलं असे. दुसऱ्या दिवशी ती रिकामी झालेली दिसली. दाराला आतून कडी लागली होती, ती गोदामाच्या फाटकाची. लावायला दोन्ही हात लागायचे आणि लागली की सगळ्या मजल्याला कळायचं. साहेबांना प्रमुखांनीच सांगितलं असावं, पण ते माझ्याशी या विषयावर पुढे कधीच बोलले नाहीत. त्यांनी चपराश्याच्या हाती एक पाटी पाठवली, दारावर लटकवायला. तिच्यावर लिहिलं होतं, "मीटिंग चालू है।"

मग जे झालं त्याला मी जबाबदार नाही.

मॅडम रोज दोनदा काळी बॅग घेऊन मीटिंगला जातात, हे सगळ्यांनी पाहिलं. आत दुसरं कोणी जाताना दिसत नाही, म्हणजे मीटिंग फोनवर असणार. रोज दोनदा फोन, म्हणजे हेड ऑफिसचाच. मॅडम आत जाताना चिंतेत असतात आणि येताना मोकळ्या चेहऱ्याने येतात, म्हणजे गोष्ट पुढे सरकते आहे. डिस्पॅचवाले म्हणू लागले की कंपनी विकली जाते आहे. फर्नेसवाल्यांच्या मते सिलतऱ्याला नवा प्लांट निघतो आहे आणि तिथे कोणाला न्यायचं ते मॅडम ठरवतात. हिशोबाच्या खात्यातले एक गृहस्थ, ज्यांनी माझ्या रजेच्या अर्जावर पूर्वी तीनदा शंका काढली होती, ते मला पाहून उठून उभे राहू लागले. कँटीनमधून न मागता चहा येऊ लागला, बिस्किटांसह.

एकदा कामगारांचे पुढारी मला जिन्यात भेटले. इकडेतिकडे पाहून म्हणाले की दीदी, तिथे आमच्याही बाजूने दोन शब्द टाका. मी म्हटलं, भैया, तिथे मी काही बोलत नाही. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली. माझ्याबद्दलचा त्यांचा आदर त्या दिवसापासून दुप्पट झाला.

साहेबांखेरीज खरं काय ते मेंटेनन्सचे प्रमुख आणि फिटर या दोघांनाच ठाऊक होतं. बाकी कोणापुढे त्यांनी शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. सभ्यतेमुळे की आपली फजिती लपवायला, ते मला कळलं नाही.

अशा थाटात मी बर्फाच्या डब्यातून रोज दोन बाटल्या घरी आणत होते, आणि घरी पोरगी त्या पीत नव्हती. सासूबाई चमच्याने पाजून थकत. मला वाटायचं, एक दिवस त्या सरळ गाईचं दूध लावतील आणि मला नंतर कळवतील. एका संध्याकाळी मी घरी आले तर दार नुसतं लोटलेलं. आत सोफ्यावर कोणीतरी माझा पिवळा कुडता घालून, माझी ओढणी डोक्यावरून घेऊन, पाठमोरं बसलं होतं. दचकून मी पुढे होणार, तोच ओढणीतून आवाज आला.

"बोलू नको. तुले पाह्यलं का प्यायचं सोडून देईन पोट्टी."

सासूबाई होत्या. साडीवरून माझा कुडता चढवलेला, काखेत ताणून उसवलेला, मांडीवर पोर. आणि पोर डोळे मिटून बाटली पीत होती. मी माझ्याच घरात, चप्पल हातात धरून, दाराआड उभी राहिले.

नंतर त्यांनी सांगितलं, सकाळी पलंगावर टाकलेल्या माझ्या कुडत्यात तोंड खुपसून पोरगी गप्प झाली, तेव्हा त्यांना सुचलं. दुपारी कुरिअरवाला आला होता, त्यालाही त्या त्याच अवतारात सामोऱ्या गेल्या. तो दोनदा घराचा नंबर वाचून गेला म्हणे. आणि त्यांची एक अट होती, कुडता धुतलेला चालणार नाही, आदल्या दिवशी घातलेलाच हवा. पारोशा कपड्याने पाण्याच्या माठालाही शिवू न देणाऱ्या माझ्या सासूबाई रोज सकाळी माझ्या घामाचा, कारखान्याच्या धुळीचा कुडता हक्काने मागून घेऊ लागल्या.

मी एकदा विचारलं, आई, तुम्हाला तर हे यंत्रच पटत नव्हतं. त्या पोरीच्या लंगोटांच्या घड्या करत होत्या. मान वर न करता बोलू लागल्या. माझा नवरा दोन महिन्यांचा असताना त्या शाळेत रुजू झाल्या होत्या. पाढे घेता घेता पदर ओला व्हायचा. पोरांना त्या सांगायच्या की पाणी सांडलं.

"मधल्या सुट्टीत जायची मी, अन् मोरीत टाकून यायची," त्या म्हणाल्या. "रोज. घरी पोट्टा पाणी घातलेलं दूध पिऊन झोपून राह्यचा. कोणाले सांगू? तू घरी आणून राहिली, तर मी वाया जाऊ देईन का?"

मी त्यांच्याशेजारी बसले. दोघी मिळून लंगोटांच्या घड्या संपवल्या.

कारखान्यातल्या माझ्या मोठेपणाचा शेवट हेड ऑफिसच्या सेठजींमुळे झाला. कंपनीचे मालक, वयस्कर गृहस्थ, वर्षातून एखाद्या वेळी न कळवता येतात. त्या दिवशी साहेब त्यांना प्लांट दाखवत वर घेऊन आले आणि मी आत मीटिंगमध्ये होते. दूध लवकर उतरावं म्हणून मी मोबाइलवर पोरीचा रडतानाचा व्हिडिओ लावत असे, कानात इअरफोन घालून. हसतानाच्या व्हिडिओने काही व्हायचं नाही, रडतानाच्याने मात्र लगेच. बाहेर सेठजी पाटी वाचून विचारत होते की आपल्याशिवाय ही कसली मीटिंग चालू आहे, कोण आहे आत. ते ऐकून मी घाईने आवरायला गेले आणि इअरफोनची वायर उपटली गेली. आमच्या कन्येने कॉन्फरन्स रूमच्या शेजारून जो टाहो फोडला तो जिन्यापर्यंत गेला असणार.

 मग साहेबांचा आवाज आला. सगळे शब्द एकेक करून, कॅलेंडरवरून वाचत असल्यासारखे.

"सर, मैडम बच्ची के लिए दूध निकाल रही हैं।"

 मी आत कडीला हात लावून नुसतीच उभी होते, कारण ती उघडली असती तर पुन्हा सगळ्या मजल्याला कळलं असतं. थोड्या वेळाने पावलं दूर गेली. जाता जाता सेठजींनी एवढंच विचारलेलं ऐकू आलं की तिला बसायला आत काय आहे. साहेब म्हणाले, स्टूल. दुसऱ्या दिवशी त्या खोलीत एक उंच पाठीची, गोल फिरणारी काळी खुर्ची आली. ती इतकी मोठी होती की दार उघडायला आधी तिला भिंतीकडे फिरवावं लागे.

त्यानंतर चहा येणं बंद झालं नाही, बिस्किटं तेवढी बंद झाली. हिशोबवाले गृहस्थ पुन्हा बसून बोलू लागले. कामगारांच्या पुढाऱ्यांनी आठवडाभर माझ्याकडे पाहिलं नाही, मग एकदा घरच्या मेथीच्या लाडवांचा डबा आणून दिला, बायकोने पाठवला म्हणून. आणि डिस्पॅचमधली एक मुलगी, जिच्याशी माझं कधी धड बोलणंही झालं नव्हतं, लॅबच्या दारात येऊन हळूच म्हणाली, "दीदी, दिवाली के बाद मेरी भी मीटिंग लगेगी।"

पोरगी खिचडी खाऊ लागली, मग पोळीचे तुकडे, मग जमिनीवर सापडेल ते. दूध कमी होत गेलं. एका शनिवारी पंप बराच वेळ घुरघुरला आणि काहीच आलं नाही. मी तो बंद केला. उठायला हवं होतं, पण उठले नाही. डबा काढून भरल्या वांग्याची भाजी आणि पोळी निवांत खाल्ली, बाहेर ट्रकांचे हॉर्न ऐकत. लॅबमधून निरोप आला की नमुना आलाय, तेव्हा हात धुऊन गेले. कार्बन जरा जास्त होता.

घरी सासूबाईंना सांगितलं की आज काही नाही आलं, आता संपलं बहुतेक. त्यांनी रिकाम्या बाटल्या माझ्या हातातून घेतल्या, विसळल्या आणि ओट्यावर पालथ्या घातल्या. मग डाळीचा डबा खाली काढला.

"उद्यापासून वरणाचं पाणी जास्त ठेवत जाईन तिच्यासाठी," म्हणाल्या, आणि डाळ निवडायला बसल्या. पोरगी रांगत आली आणि तिने त्यातली पहिली मूठ जमिनीवर उडवली.