मनोगताची फाईल

संगणकाच्या पडद्यावर आज हिरव्या अक्षरांत ओळ उमटली, 'पुस्तिका तयार, एकही चूक नाही'.

एका मोफत सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका मी आणि सुलभाताई सहा वर्षं मराठीत आणत होतो. ताई निवृत्त शिक्षिका. प्रत्येक भाषेच्या पुस्तिकेत सुरुवातीला अनुवादकाच्या मनोगताची फाईल असते, ती त्यांनी लिहायची ठरली होती. ती नसली की पुस्तिका जुळवणारा प्रोग्रॅम लाल अक्षरं दाखवून अडून बसायचा. मी कुरकुर केली की ताई फोनवर म्हणायच्या, "अहो, आधी काम तर पुरं होऊ द्या. मनोगत काय, एका बैठकीत लिहीन." शेवटी वैतागून मीच प्रोग्रॅमच्या यादीत त्या फाईलपुढे 'ऐच्छिक' असं लिहून टाकलं. तेव्हापासून ती नसली तरी प्रोग्रॅम गुपचूप पुढे जायला लागला.

गेल्या महिन्यात ताई वारल्या. आज शेवटचं प्रकरण पुरं झालं आणि प्रोग्रॅमला काहीच कमी जाणवलं नाही. कसं जाणवेल? मीच त्याला तसं शिकवलं होतं. तेवढंच मला स्वतःला शिकवता येईना.

मी 'ऐच्छिक' हा शब्द खोडला आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. लाल अक्षरं आली, 'मनोगत सापडत नाही. पुढे जाता येत नाही.'

निदान कुणीतरी तसं म्हटलं. मग मी 'ऐच्छिक' हा शब्द परत जागेवर लिहिला, कारण लोक पुस्तिकेची वाट बघत होते.