बद्दकाका

कोणाच्याही गाडीचं काम हातात घेण्याआधी बद्दकाका तिच्यावर बोटाचं पेर वाजवून बघायचे, नारळ घेताना बघतात तसं. पत्रा ठण्ण वाजला तर मान हलवायचे. आत पुट्टी भरून वरून रंग फासलेला असला की आवाज दबका येतो. मग मालक कितीही फुशारक्या मारत असो, त्याच्या तोंडावर सांगायचे, "बद्द!" म्हणून अख्खं मुलुंड त्यांना बद्दकाका म्हणायचं. हे नाव आम्ही चाळीतल्या पोरांनीच पाडलं होतं, आणि आज त्याच नावाचा मला संताप येतो.

नाल्याच्या कडेला त्यांची डेंटिंगची शेड होती. पुट्टीचा डबा ते शेडमध्ये येऊच द्यायचे नाहीत. चेपलेला पत्रा आतून ठोकून ठोकून सरळ करायचे, मग दिवस लागो नाहीतर महिना. कोणी घाई केली की म्हणायचे, "माणूस खोटा बोलतलो, पत्रो बोलूचो नाय." मालवणी माणूस, आवाज असा की साधं बोलले तरी भांडण चाललंय वाटावं.

थंडीतल्या एका रविवारी शाळेमागच्या मैदानात जुन्या गाड्यांची जत्रा भरायची. जत्राच म्हणायचो आम्ही. कोणी अँबॅसिडरला बसचा भोंगा लावून आणायचा, कोणी जीपला घोडागाडीचं छत. माझ्या वडिलांची, अण्णांची, फियाट काकांनी आठ महिने खपून नवी घडवली. छप्पर उतरवलं, मागे माशाच्या शेपटीसारखे पंख पत्र्यातून हाताने काढले. पहिलं बक्षीस मिळालं. माईकवर अण्णांचं नाव पुकारलं, हार अण्णांच्या गळ्यात पडला. काका मागे उभे राहून टाळ्या वाजवत होते. परत येताना हसत म्हणाले, "माझा नाव एकदा त्या माईकार येवंदे, बास. मगे मेलंय तरी चलात." अण्णा हसले. मीही हसले.

पुढे मैदान गेलं, तिथे तीन टॉवर आले. शेड रस्तारुंदीत गेली. अण्णांनी गाडी विकली आणि दोन वर्षांत तेही गेले. त्या तीनपैकी एका टॉवरमध्ये आज मी राहते आणि सोसायटीच्या कमिटीत मिरवते. म्हणजे माझा राग कुठून सुरू होतो ते बघा.

गेल्या हिवाळ्यात कमिटीने पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या गच्चीवर, व्हिंटेज शो ठेवला. डोंबलाचा व्हिंटेज शो! गाड्यांभोवती दोर, हात लावायचा नाही, आणि प्रत्येक गाडीशेजारी रंगाच्या कंपनीचा बोर्ड. गाड्यांच्या यादीत अण्णांची फियाट होती, नव्या मालकाने दिलेली. मी धावत आमच्या जुन्या चाळीत गेले, काका अजून तिथेच राहत होते. "काका, यंदा तुमचं नाव माईकवर घ्यायला लावते. शब्द माझा." शोच्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून तासभर आधी हजर. वॉचमनने त्यांना "ड्रायव्हर लोग नीचे" म्हणून गेटवरच अडवलं होतं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला नाही नाही ते बोलून मी काकांना वर घेऊन आले आणि फियाटपाशी उभं केलं.

मग माईकवरच्या मुलीला चिठ्ठी दिली: ही गाडी घडवणारे बद्दकाका. ती फिस्सकन हसली. "ताई, बद्दकाका काय? स्पॉन्सर बसलेत ना समोर. प्रॉपर नाव द्या ना."

मला नाव माहीत नव्हतं. आडनावसुद्धा नाही! त्यांच्या शेडमध्ये लहानाची मोठी झाले, त्यांच्या बशीतला चहा प्यायले, आणि नाव माहीत नाही. वीस पावलांवर उभे होते ते. जाऊन विचारायचं होतं फक्त. पण इतक्या वर्षांनी 'काका, तुमचं नाव काय हो?' हे कुठल्या तोंडाने विचारू? मला लाज वाटली आणि मी जागची हलले नाही. तिने चिठ्ठी बाजूला ठेवली, मालकाचं नाव घेतलं, रंगाच्या कंपनीचं घेतलं. टाळ्या झाल्या.

काकांनी दोरावरून हात पुढे करून बॉनेटवर पेर वाजवलं. नव्या मालकाने गाडीवर वरपासून खालपर्यंत पुट्टी थापली होती. मी जवळ गेले तेव्हा म्हणाले, "बद्द गो." एवढंच, आणि तेही हळू. लिफ्ट दाखवली तरी जिन्यानेच खाली गेले.

बिल्डरचा राग येतो, त्या माईकवालीचा येतो, पुट्टी थापणाऱ्या गाढवाचा तर येतोच. पण ती सगळी परकी माणसं. मी कोण होते? चाळीत जाऊन एकदा पाय धरावेत, नाव विचारावं, असं रोज मनात यायचं. आज जाते, उद्या जाते करत मी नुसती चरफडत राहिले, गेले मात्र नाही.

गणपतीच्या आधी एका सकाळी भाजीला निघाले होते. नाक्यावरच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं: श्री. विश्राम धाकू परब यांचे दुःखद निधन, अंत्ययात्रा सकाळी अकरा वाजता. कोण बरं हे परब, असं म्हणत मी पुढे गेले आणि भेंडी निवडायला लागले.

दुपारी चाळीतली जुनी शेजारीण भेटली. म्हणाली, "बद्दकाका गेले गं. सगळे आले होते, तूच कशी दिसली नाहीस?"