चोलमोंडेले नावाचा माणूस

आमची करुणा विलायतेत चोलमोंडेले नावाच्या माणसाच्या घरी राहते, हे अख्ख्या गोरेगाव तालुक्यात सगळ्यात आधी मला कळलं.

पोरगी शिकायला गेली ती लेस्टरला. "आई, मी चमलीबाईकडं राहतो. म्हातारी एकटीच हाय," असं तिनंच सांगितलं होतं. चमली! नाव ऐकून वाटलं, आपल्या शेजारच्या सालेकशाकडलीच असेल बिचारी. मी निर्धास्त.

मग जवसाची चटणी पाठवायची म्हणून तिनं मोबाइलवर इंग्रजीत पत्ता पाठवला. इंग्रजी माझी मीच शिकले (लेकीच्या जुन्या पुस्तकांवरून), त्यामुळं एकही अक्षर वाया जाऊ देत नाही. बोट ठेवून वाचलं. घरमालक : चोलमोंडेले. गाव : लेइसेस्टर. ना चमली, ना लेस्टर!

"अवो, पोरीनं गाव बदललं! माणूसही केला!"

"कोणता?" हे पेपरातूनच बोलले.

"मोंडेले!"

"भंडाऱ्याकडचा असंल," हे म्हणाले, आणि चटणीची बरणी स्वतःकडं ओढली!

दोन दिवस मी तो पत्ताच बोट ठेवून वाचत बसले. फोनही करवेना. 'हो' म्हणाली तर? तिसऱ्या दिवशी लावला एकदाचा.

"त्या मोंडेलेले फोन दे!"

"कोण मोंडेले?"

"ज्याच्या घरी राहून राहिली तो! काऊन फसवलं मले? उद्याच्या उद्या घरी ये!" आणि मी जो गळा काढला!

तिकडं धप्प आवाज. पोरगी हसता हसता खाटेवरून पडली होती.

"आई, तेच चमली! लिहितात चोलमोंडेले, म्हणतात चमली. अन् लेइसेस्टरलेच लेस्टर म्हणतात. 'सेस्टर' म्हणजे जुनी फौजेची छावणी."

"मंग मधली अक्षरं कुठं गेली?"

"बोलता बोलता झिजली. लिहिण्यात तेवढी राहिली."

(छावणी उठली, अक्षरं मात्र मला रडवायला मागं ठेवली!)

एवढ्यात मागून एक म्हातारा बाईमाणसाचा आवाज, घाबराघुबरा. चमलीबाईच!

"काय म्हणते गं ती?"

"आई, फोनात तुझं नाव मी इंग्रजीत 'आई' लिहिलं. ए, ए, आय. ही एक ए गिळून वाचते एआय, अक्कलवालं मशीन! तिले वाटते, मी रोज तासभर मशीनशी बोलतो."

"अन् आज?"

"आज मशीन रडलं ना! म्हणते, बदलून घे. याच्यात अक्कल भरायचीच राहिली."