निवडलेला हरभरा

शिरूरला बियाणं तपासायच्या लॅबमध्ये मी नोकरीला आहे. माणसं हरभरा, तूर, मूग पिशवीत घालून आणतात आणि मी आधी खेकसते, "नमुना कुठून काढला?" पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठमूठ घ्यायचा असतो, हे सांगून सांगून माझं तोंड दुखतं. एका म्हाताऱ्या आप्पांना तर मी दारातूनच परत पाठवलं होतं.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी भांडगावहून माझी वहिनी हरभऱ्याची पिशवी घेऊन आली, तेव्हा मात्र मी काही विचारलं नाही. घरचं माणूस, त्याला काय विचारायचं! माझा रिपोर्ट चांगला आला, की तिचं बी बचत गटातल्या बाया पेरणार होत्या. दाणे टपोरे, एकसारखे. "वहिनी, दाणा झकास आहे हो," मी म्हणाले. ती लाजलीच.

चारशे दाणे मोजून ओल्या टीपकागदावर मांडले. आठवड्यानं एकेक दाणा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. उभं झाड वाळवणाऱ्या मर रोगाची बुरशी बियाण्याबरोबर येते, ओलीत ठेवलं की दाण्यावर कापसासारखी पांढरी फुटते. एकाही दाण्यावर नव्हती. मी खुशीत सही ठोकली.

संक्रांतीच्या सुमाराला भावाचा फोन आला, म्हणून भांडगावला गेले. गटातल्या बायांच्या रानात हरभरा जागोजागी वाळून उभा. एक झाड उपटलं आणि खोड नखानं उभं चिरलं. आत काळपट रेघ होती. मर रोगाचीच खूण.

रानातून भावाच्या घरी येऊन वहिनीला विचारलं, "नमुना काढला कसा तुम्ही?"

"कसा म्हंजी? तीन दुपारी बसून निवडला की. सुरकुतलेलं, डागाळलेलं समदं काढलं. तुमच्या हापिसात चार माणसं बघणार, वन्सं. घाण माल धाडून तुमची मान खाली घालायची व्हय?"

"आणि पोत्यातलं?"

"त्ये हाय तसं वाटलं. एवढं कोण निवडत बसतंय?"

बुरशी नेमकी त्या काढून टाकलेल्या दाण्यांत होती, आणि तिला अजून काहीच कळलं नव्हतं. मी हातातला पेला आपटला. पण खरा राग माझाच मला आला होता. परक्याला दारातून हाकलणारी मी, घरच्यापाशी माती खाल्ली.

बाहेर ओट्यावर गटातली एक मावशी बसली होती. तिचं निम्मं रान गेलेलं. तिनं सरळच विचारलं, "बाई, बी तर चांगलं हुतं न्हवं?"

मागं दारात वहिनी उभी होती. खरं बोलले असते, तर तिला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. आणि मलाही.

"व्हय मावशी," मी म्हणाले, "बी चांगलं होतं. यंदा हवाच वाईट."

"तेच म्हनत हुते मी ह्यास्नी! मंग जगलेल्या झाडांचं बी राखून ठिवते. निम्मं लेकीला धाडते पाबळला. तिच्याकडं हवा बरी हाय."

मी चहा प्याले आणि परत आले.

आता पेरणी महिन्यावर आली आहे. ही बुरशी एकदा रानात शिरली की वर्षानुवर्षं मातीत राहते, हे मी रोज लोकांना सांगते. शिरूरहून पाबळ काही लांब नाही. मी अजून गेलेले नाही.