पहिल्या तारखेचं पापड-पाणी

ये वं, अशी जवळ बस. उद्या पहिली केस, अन् भीती वाटते म्हणून वकिलीचा काळा कोट खुंटीला लावून कोणी घरी बसतं का? वेडी कुठली! मी किती भ्याले होते ते ऐक.

आमच्या घरात कोर्टकचेरीचं नावच नको असायचं. बाबा फाळणीत सिंधमधून नागपूरला आले, तेव्हा त्यांना जागोजागी अडवून कागद मागितलेले. पुढे ते धरमपेठेत सायकलवर कापड विकायचे, पण खाकी कपडा दिसला की गल्ली बदलायचे. अन् त्यांची मुलगी वकील! घराण्यात पहिलीच.

सत्तर-बहात्तरची गोष्ट असेल. पहिली केस वाडीतल्या एका म्हातारीची. घरमालक तिला भाड्याच्या खोलीतून काढायला निघालेला. खोली गेली तर ती रस्त्यावर, आणि सगळं माझ्या बोलण्यावर. कोर्टाच्या व्हरांड्यात फाइल उघडली, तर अक्षरंच दिसेनात.

तेवढ्यात बाबा दिसले. कोर्टात, आपणहून! एका हातात पापडाचा डबा, दुसऱ्यात पाण्याचा लोटा. आम्हा सिंधी लोकांत घरी आलेल्याला आधी पापड-पाणी. पण बाबा देत कोणाला होते? त्या घरमालकाला! अन् तो मजेत खात होता.

म्हातारी उसळलीच. "काहून वं, तुहा बाप त्या पार्टीले खाऊ घालून राहिला! तू त्यायची झाली का? दे माही फाइल!"

केस तर जाणारच, वर फितूर म्हणून नाव होणार.

"बाबा, हे काय करता?"

"बेटी, आजपासून हे तुझं घर ना? आलेल्याला तसंच कसं बसवायचं? कोण कुणाकडचा, मला काय ठाऊक?"

बोलताना त्यांचे हात कापत होते. लोट्यातलं पाणी फरशीवर सांडत होतं. म्हातारीनं ते पाहिलं.

"एवढं काहून भेऊन राहिला गा?" असं म्हणत तिनं डब्यातला पापड उचलला. "पण पयला मले द्याचा होता! चाल वं पोरी, आपल्याले पुकारून राहिले."

उभी राहिले. आवाज फाटला, पण बोलले. निकाल लागेपर्यंत तिला खोलीतून काढू नका, असा हुकूम मिळाला. भीती मात्र गेली नाही हं. शेवटच्या केसपर्यंत पुकारा झाला की तोंड कोरडं पडायचंच.

उद्या तू कोट घालून जा. अन् तारीख झाली की लवकर इकडे ये बाई, मी पापड भाजून ठेवते.